गळा आहे, पण पायऱ्या कुठे आहेत?

नाट्यसंगीतातील पुरुष स्वरांना पुन्हा सुगीचे दिवस. बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले काय येणार?

बुलडाणा : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान २०११ ते २०२० या दहा वर्षांत तीन वेळा मराठी नाट्यसंगीताच्या परंपरेत वाढलेल्या गायकांकडे आला. ‘बालगंधर्व’ या चित्रपटासाठी आनंद भाटे यांना २०११ चा, ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे यांना २०१५ चा आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना २०२० चा पुरस्कार जाहीर झाला. ज्या संगीत रंगभूमीचे मृत्युलेख अनेकदा लिहून झाले होते, तिच्याच अंगणातून देशपातळीवरचे तीन पुरुष स्वर पुढे यावेत, ही घटना साधी नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ही नव्या रूपात रुपेरी पडद्यावर आले. उंच पट्टीत, दमसासाने आणि शब्दांना न्याय देत गाणाऱ्या गळ्याला बाजारात पुन्हा किंमत आली आहे, असा याचा अर्थ काढता येतो.

मात्र या तिन्ही नावांमागे एकच शहर उभे आहे. भाटे आणि देशपांडे पुण्याचे. काळे अमेरिकेत स्थायिक झाले असले तरी त्यांचीही जडणघडण पुण्याच्याच संगीतविश्वाशी जोडलेली. या पार्श्वभूमीवर विदर्भाच्या पश्चिम टोकावरील बुलडाणा जिल्ह्याकडे पाहिले, तर एक विचित्र विसंगती दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. गावोगावी भजनी मंडळे आहेत, पहाटेचा काकडा आहे, हरिनाम सप्ताह आहेत. शेगावहून दरवर्षी पंढरपूरला पायी निघणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीसोबत टाळ-मृदंगाच्या साथीने शेकडो मैल गात जाणारे वारकरी आहेत. म्हणजे गळ्यांची उणीव नाही. तरीही या गळ्यांपैकी एखादा मैफलीच्या किंवा नाटकाच्या व्यासपीठापर्यंत पोहोचावा, अशी वाट येथे तयार झालेली नाही. गुणवत्ता आणि कीर्ती यांच्यामध्ये नेमके काय असते, हा प्रश्न त्यामुळेच विचारावा लागतो.

टेनर आणि आपली उंच पट्टी

पाश्चात्त्य ऑपेरामध्ये नैसर्गिक पुरुषी आवाजाच्या सर्वांत उंच प्रकाराला ‘टेनर’ म्हणतात. नाटकातील नायक बहुधा टेनर असतो आणि प्रेक्षागृह सर्वाधिक टाळ्याही त्यालाच देते. ऑपेरागृहातील गायक परंपरेने ध्वनिक्षेपकाविना गातो. समोर पूर्ण वाद्यवृंद असतो आणि त्याच्यावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो. त्यामुळे हा गळा जन्मजात लाभला तरी पुरत नाही; श्वास, जबडा, छाती आणि कान यांची वर्षानुवर्षांची मशागत त्यामागे असते.

मराठी माणसाला हे वर्णन परके वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून पुढची काही दशके मराठी गायकनट नेमके हेच करीत होते. ध्वनिक्षेपक नव्हता, नाटके रात्रभर चालत आणि मंडपातील शेवटच्या प्रेक्षकानेही तिकिटाचे पैसे मोजलेले असत. उंच पट्टी ही तेव्हा हौस नव्हती, धंद्याची गरज होती. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या चढ्या, धारदार गायकीची आख्यायिका या गरजेतूनच जन्मली. वारकरी भजनातील चालीही उंच पट्टीतच म्हटल्या जातात, कारण त्याही उघड्या मैदानात आणि चालत्या दिंडीत म्हणायच्या असतात. खामगाव, मेहकर, चिखली परिसरातील एखाद्या सप्ताहात अभंगाची चाल वरच्या स्वरांत सहज उचलणारा तरुण हा स्वभावतः टेनरच्या जातकुळीचा असतो. फरक एवढाच की, त्याचा आवाज मशागतीविना वाढतो आणि अनेकदा अतिताणाने अकाली बसतो.

मोदेनाच्या गायकाला काय मिळाले?

विसाव्या शतकातील सर्वांत लोकप्रिय टेनर लुचानो पाव्हारोत्ती (१९३५-२००७) यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९९० च्या विश्वचषक फुटबॉल अंतिम सामन्याच्या आदल्या सायंकाळी रोममध्ये प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास यांच्यासह झालेल्या त्यांच्या मैफलीने ऑपेरा हा शब्द सामान्यांच्या घरात नेला. हे पाव्हारोत्ती इटलीच्या राजधानीतले नव्हते. मोदेना या प्रांतिक शहरात त्यांचा जन्म झाला. वडील बेकरीत काम करीत आणि हौसेने गात. आई सिगार कारखान्यात कामाला होती.

त्यांची चढण मात्र पायरीपायरीने झाली. आधी वडिलांसोबत स्थानिक वृंदगान. १९५५ मध्ये मोदेनाच्या त्या वृंदाने वेल्समधील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच सुमारास आरिगो पोला या व्यावसायिक टेनरने त्यांना विनामूल्य शिकवायला सुरुवात केली. शिकण्याच्या काळात पोटासाठी पाव्हारोत्ती यांनी प्राथमिक शाळेत शिकवले, विम्याच्या पॉलिसी विकल्या. पुढे एका गायनस्पर्धेतील विजयामुळे १९६१ मध्ये शेजारच्या रेज्जो एमिलिया शहरातील ऑपेरागृहात त्यांना पहिली भूमिका मिळाली. लंडनचे कॉव्हेंट गार्डन त्यानंतर दोन वर्षांनी आले आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन १९६८ मध्ये.

या आलेखात लक्षात घेण्याजोगी गोष्ट लंडन किंवा न्यूयॉर्क ही नाही. गावातला वृंद, फी न मागणारा गुरू, अर्धवेळ नोकरी, स्पर्धा आणि तासाभराच्या अंतरावरचे छोटे ऑपेरागृह, या पाच पायऱ्या घराजवळ होत्या, ही ती गोष्ट आहे. त्यातली एखादी निखळली असती, तरी मोदेनातील एक चांगला गळा मोदेनातच राहिला असता.

मुर्तिजापूर ते ‘कट्यार’

आपल्याकडील वाट किती वळणाची होती, हे डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या आयुष्यावरून दिसते. बुलडाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील मुर्तिजापूर येथे १९२० मध्ये त्यांचा जन्म झाला. आईने त्यांना नागपुरात वाढवले. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात भालजी पेंढारकरांनी त्यांना बाळकृष्णाची भूमिका दिली. पुढे लाहोरला जाऊन त्यांनी असद अली खाँ यांची तालीम घेतली. एवढे सगळे होऊनही वसंतरावांना पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात दोन तपे कारकुनी करावी लागली.

त्यांच्या कर्तृत्वाला खऱ्या अर्थाने व्यासपीठ मिळाले ते २४ डिसेंबर १९६७ रोजी, ‘कट्यार काळजात घुसली’च्या पहिल्या प्रयोगाने. नाटक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे, संगीत गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन वऱ्हाडात जन्मलेल्या वसंतरावांचा. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. ऑपेराच्या दुनियेत या वयाचा टेनर आपल्या कारकिर्दीचे शिखर पाहून चुकलेला असतो. १९८३ मध्ये वसंतरावांचे निधन झाले. म्हणजे पूर्णवेळ कलावंत म्हणून त्यांना जेमतेम दीड-दोन दशकेच लाभली. एका असामान्य गळ्याची उमेदीची वर्षे फायलींत गेली, हा हिशेब वऱ्हाडाने कधीतरी मांडायला हवा.

त्यांचे नातू राहुल देशपांडे यांची चढण तुलनेने सरळ आहे. १९७९ मध्ये जन्मलेल्या राहुल यांना गंगाधरबुवा पिंपळखरे, मुकुल शिवपुत्र अशा गुरूंचा लाभ झाला. २०१० मध्ये, वयाच्या तिशीतच, त्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आणले. खाँसाहेब त्यांनी स्वतः साकारले आणि सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे उभे राहिले. पाच वर्षांनी सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. २०२२ मध्ये निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ प्रदर्शित झाला, त्यात राहुल यांनी आजोबांची भूमिका केली आणि गाणीही गायली. आजोबांना जे ४७ व्या वर्षी मिळाले, ते नातवाला तिशीत मिळाले. त्यात राहुल यांच्या मेहनतीचा वाटा निर्विवाद आहे. पण गुरू, श्रोते, नाट्यगृहे, निर्माते आणि वाद्यसाथ एका शहराच्या परिघात असणे, हाही त्यातला मोठा घटक आहे.

कंपनी गेली, जागा रिकामीच

एकेकाळी ही उणीव नाटक कंपन्या भरून काढीत असत. केशवराव भोसले लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झाले. मंगेशीसारख्या खेड्यात जन्मलेले दीनानाथ कोवळ्या वयात रंगभूमीवर आले आणि १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. कंपनी मुलाला जेवण, निवारा, तालीममास्तर आणि रोजचा प्रेक्षक देत असे. तिच्यातले शोषण आणि हलाखी दडवण्याचे कारण नाही. तरीही गरीब घरातील गळ्याला विनाखर्च शिक्षण देणारी ती एक निवासी शाळाच होती. कंपन्यांचे दौरे वऱ्हाडातही होत. कापसाच्या पैशाने येथील बाजारपेठा तेव्हा श्रीमंत होत्या. खामगावला तर कापसासाठीच १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला होता.

बोलपटाने कंपन्या मोडल्या आणि कापसाच्या अर्थकारणाने वऱ्हाडाची रया गेली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी जे पॅकेज जाहीर केले, त्यात बुलडाण्याचा समावेश होता. ज्या घरात सोयाबीन आणि कापसाच्या भावावर वर्षाचा ताळेबंद ठरतो, त्या घराने मुलाला दहा-बारा वर्षे गाणे शिकू द्यावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

गोव्याने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आहे. तेथे देवस्थानच्या जत्रेत गावकरी स्वतः संगीत नाटक करतात. १९७० मध्ये स्थापन झालेली कला अकादमी भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीताचे शिक्षण देते आणि भजनी मंडळांच्या स्पर्धाही घेते. भजनात सापडलेला गळा तेथे वर्गात आणि वर्गातून रंगमंचावर जाऊ शकतो. बुलडाणा जिल्ह्यातही भजन आहे, देऊळगाव राजाच्या श्री बालाजीसारखे मोठे उत्सव आहेत, शेगाव संस्थानसारखी शिस्तीसाठी नावाजलेली संस्था आहे. भजनापासून वर्गापर्यंतचा आणि वर्गापासून रंगमंचापर्यंतचा जोडरस्ता तेवढा तयार झालेला नाही.

कवी मेहकरात राहू शकतो, गायक नाही

जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासातच या प्रश्नाचे मर्म सापडते. कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांनी मेहकरात राहून वकिली केली आणि कविताही लिहिली. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जी. एन. जोशी यांनी गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाची सुरुवात या गाण्यापासून सांगितली जाऊ लागली. म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या एका गाण्याचे शब्द बुलडाणा जिल्ह्यातले होते.

पण शब्द टपालाने जाऊ शकतात. कवीला कागद, लेखणी आणि एकांत पुरतो. गायकाला रोज चूक दाखवणारा गुरू लागतो, ठेका धरणारा तबलजी आणि पेटीवादक लागतो, दाद देणारा आणि प्रसंगी उठून जाणारा श्रोताही लागतो. मेहकरात राहून ना. घ. मोठे कवी झाले. त्याच मेहकरात राहून त्याच तोलाचा गायक होणे जवळपास अशक्य होते, आणि शंभर वर्षांनंतरही या वास्तवात फारसा बदल झालेला नाही.

इंटरनेटने यातली एक अडचण निश्चित कमी केली. पूर्वी जी ध्वनिमुद्रिका मिळवण्यासाठी वणवण करावी लागे, ती आज लोणारच्या मुलाला मोबाइलवर ऐकता येते. ऑनलाइन शिकवण्याही सुरू आहेत. तथापि, पडद्यावरचा गुरू शिष्याच्या स्वराचा अंदाज घेऊ शकतो. त्याच्या पोटाचा श्वास, मानेच्या ताणलेल्या शिरा आणि सभागृहात आवाज कितपत फेकला जातो, हे त्याला नीट कळत नाही. उंच पट्टीच्या गायनात नेमक्या याच गोष्टी गळा तारतात किंवा मारतात.

आवाज फुटण्याचे वय

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक नाजूक वळण असते. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. बालकीर्तनकार किंवा बालगायक म्हणून गाजलेला मुलगा याच वेळी लोकांच्या नजरेतून उतरतो. या काळात गळ्यावर जोर दिला, तर तो कायमचा बिघडू शकतो.

आनंद भाटे यांची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. लहान वयातच ‘आनंद गंधर्व’ म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक झाले. पुढे त्यांनी पंडित भीमसेन जोशी यांच्याकडे दीर्घकाळ तालीम घेतली, सोबत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी सांभाळली. राष्ट्रीय पुरस्कार आला तेव्हा ते चाळिशीत होते. बालपणीची कीर्ती आणि प्रौढपणीचे यश यांच्यामध्ये सुमारे तीन दशकांचा शांत अभ्यास आहे. महेश काळे यांनीही अभिषेकीबुवांकडे गुरुकुल पद्धतीने शिक्षण घेतले आणि अमेरिकेत अभियांत्रिकीशी संबंधित पदवीही मिळवली. तिघांच्याही यशात हा सावकाशपणा समान आहे.

दूरचित्रवाणीवरील स्पर्धा नेमका हाच सावकाशपणा वगळतात. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत अशी पुण्या-मुंबईबाहेरची मुले घराघरांत नेली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण स्पर्धा मुलाला एका रात्रीत वरच्या पायरीवर नेऊन ठेवते. खालच्या पायऱ्या बांधणे तिचे काम नाही. मोजक्या मुलांच्या मागे तालीम आणि घरचे बळ असते, ती टिकतात. बाकीची पुढच्या पर्वापर्यंत विसरली जातात.

पोट आणि गळा

मोदेनाचा शिक्षक, पुण्याचा लष्करी कारकून आणि संगणक क्षेत्रातला नोकरदार या तिघांना जोडणारा धागा पोटाच्या व्यवस्थेचा आहे. गळा सापडणे आणि गळ्यावर जगता येणे यांत दहा ते पंधरा वर्षांचे अंतर असते. त्या काळाचा खर्च कोण उचलतो, यावर कारकीर्द ठरते. पूर्वी तो कंपनीने उचलला, नंतर सरकारी नोकरीने, आता शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाने उचलला आहे. ग्रामीण बुलडाण्यात तो कोणीच उचलत नाही.

शासनाकडे यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरहून अधिक असलेल्या शाळांत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. अशा जागांवर तालुक्यागणिक एक जरी प्रशिक्षित संगीत शिक्षक नियमित वेतनावर आला, तरी तेरा तालुक्यांत तेरा कान तयार होतील आणि तेरा गायकांच्या घरची चूलही पेटेल. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे महत्त्व वाढले आहे. तथापि, गुण पदरात पडताच विद्यार्थी गाणे सोडणार असतील, तर ‘प्रवेशिका’ आणि ‘विशारद’ यांच्यामधली दरी तशीच राहील. दहावीनंतर गाणे सुरू ठेवणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव हे गाणाऱ्या मुलांचे हक्काचे व्यासपीठ आहे. तेथे चमकलेल्या मुलाला पुढे वर्षभर कोणाकडे पाठवायचे, हे आज ठरलेले नसते. बुलडाण्याचे गर्दे वाचनालयाचे सभागृह, खामगाव-शेगावातील देवस्थाने आणि भजनी मंडळे यांनी एकत्र येऊन वर्षातून चार संगीत नाटके आणि चार मैफली हमखास ठेवल्या, तर श्रोताही घडेल. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके याच जिल्ह्यात आहेत. कलावंतांना येथपर्यंत आणणे कठीण नाही. प्रश्न बोलावण्याचा आहे.

वसंतरावांच्या गळ्याने मुर्तिजापूर सोडले, म्हणून ‘कट्यार’चे खाँसाहेब उभे राहिले. त्या वेळी गाव सोडण्याला पर्याय नव्हता आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास यापुढेही कोणाला चुकणार नाही. परंतु निघण्यापूर्वी गळा ओळखला जावा, तो जपला जावा आणि प्रवासाची शिदोरी गावाने बांधून द्यावी, एवढे तर शक्य आहे. आज पहाटे एखाद्या गावात काकडा म्हणणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा फुटलेल्या आवाजाला घाबरून टाळ खाली ठेवत असेल. त्याला दोन वर्षे थांब, ओरडू नकोस, पुन्हा येशील, असे सांगणारे जाणते माणूस त्याच्या तालुक्यात असेल की नाही, यावर पुढच्या कारकिर्दीची पहिली पायरी अवलंबून आहे.